टॅक्स न भरणारे आत्मारामशेट

सन १९३१ च्या अखेरीस सरकारने इन्कमटॅक्सची मर्यादा दोन हजारांवरून हजारावर आणली आणि रत्नागिरीची बाजारपेठ आठवड्याभरात गरीब झाली. ज्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची ते माशा मारीत बसल्याचे सांगू लागले. कापडवाल्यांनी आपले चांगले कोट पेटीत घातले. जानेवारीत इन्कमटॅक्सचे साहेब बोटीने आले आणि कचेरीलगतच्या खोलीत त्यांनी कॅम्प लावला, तेव्हा बाहेरच्या पडवीत बसलेली मंडळी पाहून एखाद्या परक्याला वाटले असते की दुष्काळी कामावरची भरती चालू आहे.

त्या पडवीत जरीकाठी रुमाल बांधून आणि बोटात अंगठी घालून आलेले गृहस्थ एकच होते. कौलांचे व्यापारी आत्मारामशेट पाथरे.

आत्मारामशेटची कमाई इतरांहून जास्त होती अशातला भाग नाही. मांडवी बंदराच्या वाटेवर त्यांची वखार होती. मंगळुरी कौले गलबतातून उतरायची, वखारीत रचायची आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या लोकांना विकायची, हा त्यांचा धंदा. ज्याचा मुलगा मुंबईला गिरणीत असेल तो पेंढा काढून घरावर कौले घाली. पण मागची दोन वर्षे गिरण्या धड चालत नव्हत्या, मनिऑर्डरी आटल्या होत्या, आणि लोक पुन्हा पेंढ्याकडे वळले होते. खर्चवेच जाऊन आत्मारामशेटच्या हाती सालाकाठी जे राहिले ते हजाराला टेकत नव्हते. खरे सांगितले असते तर साहेबांनी 'या' म्हणून त्यांना परत पाठवले असते.

पण समोरच्या बाकावर हरिश्चंद्र नाखवा बसला होता.

गलबत नाखव्याचे. मंगळूरहून कौले तोच आणी, आणि कोणाला उधारीवर द्यायची, कोणाला नाही, हे तोच ठरवी. आत्मारामशेटना पावसाआधी एक भरताड, म्हणजे गलबतभर कौले, उधार मिळाले तर दुकान तगणार होते. नाही मिळाले तर वखारीला कुलूप लागणार होते. महिनाभर ते नाखव्याला निरोप धाडत होते. नाखवा 'बघू, वारा फिरू दे' म्हणून कळवत होता. आज तो स्वतःच्या कामासाठी कचेरीत आला होता, फाटकी बंडी घालून.

खोली कोंदट असल्यामुळे साहेबांनी दार उघडे ठेवले होते. आत बोललेले बाहेर ऐकू येत होते.

"मागल्या सालची कमाई?" साहेबांनी मान वर न करता विचारले.

आत्मारामशेटनी दाराकडे पाहिले. नाखव्याने कान टवकारले होते, निदान तसे त्यांना दिसले.

"तीन हजार," ते म्हणाले. आवाज जरा चढाच लागला.

साहेबांची लेखणी थांबली. सकाळपासून त्यांनी आजारपणे, लग्ने, बुडीत येणी आणि बुडालेले पडाव ऐकले होते. त्यांनी मान वर केली.

"तीन?"

"कमीच सांगतोय."

साहेब उठून उभे राहिले नाहीत इतकेच. त्यांनी खुर्ची दाखवली. आत्मारामशेट हिशेबाच्या वह्या काखेत घेऊन गेले होते, आणि त्या उघडल्या तर काय होईल ही त्यांना धास्ती होती. पण साहेबांनी वह्या मागितल्याच नाहीत. कमी सांगणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो, जास्त सांगणाऱ्याला लागत नाही, हा सरकारी कामातला बारकावा आत्मारामशेटना तिथे कळला आणि त्यांना फार बरे वाटले.

ते बाहेर आले. पडवीतल्या लोकांनी त्यांच्याकडे असे पाहिले, जसे भरल्या पंगतीत उठून स्वतःच्या पानातली जिलबी कुत्र्याला घालणाऱ्याकडे पाहावे. नाखवा मात्र जमिनीकडे बघत होता.

"बसलायस होय नाखवा? मग येतोस ना वखारीत?"

"बघू शेट. वारा फिरू दे."

फेब्रुवारीत मागणीची नोटीस आली. टॅक्स शंभर रुपयांच्या वर होता, आणि मार्चअखेर भरायचा होता. पहिले चार दिवस आत्मारामशेटनी ती नोटीस कोटाच्या वरच्या खिशात अशी ठेवली की तिचे टोक बाहेर दिसावे. कोणी विचारले तर ते म्हणत, "काय करायचं, सरकारला आमच्याशिवाय दुसरं दिसत नाही." पाचव्या दिवशी त्यांची बायको यमुनाबाई हिने तो कोट धुवायला काढला आणि नोटीस तिच्या हाती लागली. तिला अक्षरे लागत नव्हती, आकडे लागत.

"ह्या काय?" तिने विचारले.

"सरकारचं पत्र."

"सरकार तुम्हाला एवढे रुपये देनार?"

"मी सरकारला देणार."

यमुनाबाईने कोट खाली ठेवला. "आनि कुठून?"

तो प्रश्न आत्मारामशेटनी तोवर स्वतःला विचारला नव्हता. त्यांची समजूत अशी होती की नाखवा माल देईल, माल विकला जाईल, आणि त्यातून टॅक्स जाईल. पण फेब्रुवारी सरला, नाखव्याचे गलबत दोनदा बंदराला लागून गेले, आणि दोन्ही वेळा कौले दुसऱ्याच्या वखारीत उतरली. शिमग्याची होळी पेटली तरी आत्मारामशेटच्या हाती काही नव्हते.

शेवटी ते वकिलाकडे गेले. वकीलसाहेब जुने, तोंडाने तिखट, पण फीच्या बाबतीत सोशिक.

"पाथरेशेट, सोपी वाट सांगू? पैसे भरा."

"ती सोडून सांगा."

"कोणाकडून हातउसने घ्या."

"गावात कोणाकडे शंभर रुपये मागितले की संध्याकाळच्या आत बंदरावर कळतं, वकीलसाहेब. मग नाखवा मला एक कौल देणार नाही."

"मग अपील. साहेबांनी कमाई फाजील धरली, असं म्हणायचं. पण आकडा दिला कोणी?"

"मी."

"म्हणजे आत्माराम पाथरे विरुद्ध आत्माराम पाथरे. दोन्ही बाजूंनी मीच उभा राहतो हवं तर, फी एकच घेईन."

आत्मारामशेटना हसू आले नाही. "आणि काहीच केलं नाही तर?"

"तर तुम्ही बाकीदार. साहेब दंड ठोकतील, तो टॅक्साएवढासुद्धा असू शकतो. तरी भरला नाहीत तर प्रकरण कलेक्टराकडे जाईल आणि शेतसाऱ्याच्या बाकीसारखी वसुली होईल. माणूस येईल, वखारीला सील लावील, पंचनाम्याला चार शेजारी बोलावील."

"शेजारी कशाला?"

"रीत आहे. आणि नाही बोलावले तरी येतीलच."

वकिलांनी पानदान पुढे ओढले आणि आवाज जरा मऊ केला. "एक वाट आहे. मुदत टळायच्या आत अर्ज करायचा आणि हप्ते मागायचे. टळल्यावर गेलात तर चोरासारखे उभे राहाल. आधी गेलात तर साहेब ऐकून घेतात. पुढल्या आठवड्यात पुन्हा कॅम्प आहे."

"अर्जात लिहायचं काय?"

"खरं ते. की अर्जदार टॅक्स भरण्यास असमर्थ आहे."

"असमर्थ नको. 'तूर्त थोडी गैरसोय आहे' असं घाला."

"गैरसोय झालेल्याला साहेब हप्ते देत नाहीत. असमर्थाला देतात."

अर्ज लिहिला गेला. आत्मारामशेटनी त्यावर सही केली तेव्हा त्यांना अर्जाची धास्ती नव्हती, पुकाऱ्याची होती. कचेरीत धाकू नावाचा शिपाई होता. साहेबांपुढे ज्याचे काम निघेल त्याच्या नावाचा आणि कामाचा पुकारा तो पडवीच्या पायरीवर उभा राहून तीनदा मारी. धाकूचा आवाज असा की खाडीपलीकडचा नावाडी होडी सोडी. 'आत्माराम पाथरे, टॅक्स भरण्यास असमर्थ' हे शब्द त्या गळ्यातून तीनदा निघाले की दुकान संपले, हे आत्मारामशेट धरून चालले होते.

म्हणून कॅम्पच्या दिवशी ते लवकर गेले आणि तपकिरीची डबी धाकूच्या हातात ठेवली.

"धाकू, आज माझा पुकारा जरा हळू मार."

"हळू?" धाकूने डबी उघडून हुंगली. "शेट, हळू मारला तर त्याला पुकारा कोन म्हनेल? त्यापेक्षा तुमच्या कानात येऊन सांगतो."

"मग नुसतं नाव घे."

"बाबत सांगायलाच लागते. नायतर साहेब माज्यावर उखडतात." त्याने कारकुनाला हाक मारली. "भाऊनू, शेटच्या कागदावर बाबत काय वो?"

"टॅक्स भरण्यास असमर्थ," कारकून आतून म्हणाला.

"अस... काय?"

"असमर्थ."

"अस्मरत," धाकूने घोळवून पाहिले. "असमरथ. ह्या माज्या तोंडात बसत नाय."

आत्मारामशेटना देव भेटल्यासारखे झाले. "मग तो शब्द घेऊच नकोस. तुझ्या तोंडात बसेल असं काहीतरी साधं म्हण."

"तुमी नका काळजी करू शेट. मी बराबर करतो."

पडवी हळूहळू भरली. बहुतेकांना नोटिसा आल्या होत्या, कारण फाटक्या कोटांचा साहेबांवर फारसा परिणाम झाला नव्हता. कोणाला सूट हवी होती, कोणाला मुदत. धाकू एकेकाला पुकारत होता. मग तो पायरीवर पुढे आला, त्याने तपकिरीची चिमूट ओढली, छाती भरून घेतली आणि हाळी दिली:

"आत्माराम पाऽथरे! टॅक्स न भरनाऽरे! हाजीर हाय?"

पडवीतल्या सगळ्या माना वळल्या.

"आत्माराम पाऽथरे! टॅक्स न भरनाऽरे!"

रस्त्यावरून जाणारे दोघे खादीटोपीवाले तरुण थांबले. एकाने हात जोडले. सालच कायदेभंगाचे होते. सरकारला काही न देणे ही तुरुंगात जायची वाट होती आणि त्या वाटेने गेलेल्यांना गाव नमस्कार करीत असे. मुदत मागणारे, सूट मागणारे, रड लावणारे या पडवीने पाहिले होते. 'न भरणारा' कोणी पाहिला नव्हता. तिसऱ्या पुकाऱ्याला आत्मारामशेट उठले तेव्हा बाकावरच्या दोघांनी पाय आखडून त्यांना वाट दिली.

खोलीत साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"जानेवारीत तुम्ही तीन हजार सांगितलेत."

"सांगितले, साहेब."

"आता शंभर भरायला नाहीत?"

"नाहीत."

"मग ते तीन हजार गेले कुठं?"

आत्मारामशेटनी या वेळी दाराकडे पाहिले नाही. "ते नव्हतेच, साहेब. हजारसुद्धा नव्हते. मी पडवीतल्या माणसांना ऐकू जावं म्हणून बोललो."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ठेवला. माणूस सभ्य होता. त्याला चिडावे की नाही हे ठरवता येत नव्हते. "पाथरे, माझ्या नोकरीत कमाई लपवणारे शेकड्यांनी आले. वाढवून सांगणारा कोणी आला नाही. तेव्हा तुम्ही म्हणता ते खरं धरायचं तर मला माझा सगळा अनुभव बाजूला ठेवावा लागेल."

"वह्या आणल्या आहेत."

"आज आणलेल्या वह्या आज आणायच्या बेतानंच लिहिलेल्या असतात." साहेबांनी दोन ओळी खरडल्या. "तुम्ही जानेवारीत खरं बोललात असं माझं मत आहे. आज खोटं बोलताय. पण मुदतीच्या आत आलात, आणि जानेवारीत माझ्याशी बरे वागलात, म्हणून चार हप्ते देतो. दंड नाही. रकमेत एक पैची सूट नाही. पहिला हप्ता पुढच्या महिन्यात."

आत्मारामशेटनी नमस्कार केला. आयुष्यात पहिल्यांदा सरकारपुढे खरे बोललो आणि त्याबद्दल खोटारडा ठरलो, याचे त्यांना वाईट वाटायला हवे होते. पण दंड टळला होता, जप्ती टळली होती. उरला होता तो पुकारा. बाहेर आल्यावर त्यांनी धाकूकडे रागाने पाहिले. धाकूने मान हलवून 'कसा बसला?' असे खुणेने विचारले.

घरी जाऊन त्यांनी यमुनाबाईला सांगितले, "संपलं. आता नाखवा पायरी चढणार नाही."

नाखवा दिवेलागणीला आला. फाटकी बंडी नव्हती; अंगात रेशमी सदरा होता. वखारीतल्या घोंगडीवर तो न सांगता बसला आणि मांडीवर थाप मारून हसू लागला.

"काय शेट! बंदरावर दुसरा विषय नाय. सरकारच्या तोंडावर सांगितलात म्हने, भरनार नाय!"

"नाही रे नाखवा. तसं नाही. मी म्हटलं, पैसे नाहीत."

"तेच तर! पैसे नाय म्हनून सांगितलात!" नाखव्याला हसू आवरेना. "आता कसं शेट शोभता. खरा सांगू काय? जानेवारीत तुमी तीन हजार बोललात ना, तवाच मी मनात म्हटला, ह्या मानसाला माल द्यायचा नाय. जो सरकारला पैसा दाखवतो त्याच्याकडं पैसा कुठला? नायतर अक्कल तरी नाय. दोन्हीत माजा माल बुडनार."

आत्मारामशेटनी घोंगडीची दशी बोटाला गुंडाळली. "नाखवा, ऐक. देवाची शपथ घेऊन सांगतो, माझ्याकडं खरोखर काही नाही."

"माज्याकडं पन नाय," नाखवा डोळा मिचकावून म्हणाला. "मी पन आज साहेबाला तेच सांगून आलो. पन मी रडून सांगितला. तुमी धाकूकडनं पुकारून सांगितलात. त्याला छाती लागते, आनि छाती मागं काहीतरी असल्याबिगर येत नाय. पुढच्या खेपेला अख्खा भरताड तुमच्या वखारीत उतरवतो. बोला."

खरे बोलण्याची आत्मारामशेटची दिवसातली ही दुसरी वेळ होती, आणि दोन्ही वेळा ते फुकट गेले होते. तिसऱ्यांदा बोलून मिळालेला माल घालवावा एवढे ते सत्याचे भोक्ते नव्हते.

"पैशाचं कसं?" त्यांनी विचारले. "नेहमीप्रमाणं नारळीपुनवेनंतर?"

"नारळीपुनव? ती मुदत ज्याला माल विकून पैसे द्यायचे त्याला." नाखवा उठला. "तुमच्यासारख्याला काय, घरातनं काढून द्यायचे. आगोटीच्या आधी रोख. नायतर लोक म्हनतील, पाथरेशेट खराच बुडाला."

पाऊस तोंडावर येण्याआधी, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, सगळा पैसा. त्यांना गरीब समजत होता तोवर नाखव्याने कधी एवढी घाई केली नव्हती. आत्मारामशेटनी मान डोलावली, कारण श्रीमंत माणसाला मान डोलावण्यावाचून दुसरे काही करता येत नाही.

चैत्रात गलबत लागले. होड्यांतून कौले किनाऱ्याला आली, डोक्याडोक्यावरून वखारीत चढली. वाटेवरचे लोक थांबून पाहत होते, आणि कौले मोजून घेणाऱ्या आत्मारामशेटना आपण होऊन नमस्कार घालत होते. दोन गिऱ्हाइके त्याच दिवशी येऊन गेली. दोघांनीही उधार मागितले. तुम्हाला काय कमी आहे, असे दोघांचेही म्हणणे पडले. एकाला द्यावेच लागले.

दुपारी जेवायला घरी आले तेव्हा यमुनाबाईने पान वाढले, पण ती समोर बसली नाही. खांबाला टेकून उभी राहिली.

"एक विचारू?"

"विचार की."

"कुठं ठेवलेत?"

"काय कुठं ठेवले?"

"गावभर झाला, आनि मला घरात म्हायती नाय. साहेबाला नाय सांगितलात, बरा केलात. नाखव्याला नाय सांगितलात, तो परका. पन मी? मीठ संपलं तर दोन दिवस शेजारनं आनायला लावता, आनि एवढे रुपये घरात?"

"अगो, तुला वेड लागलं काय? कालवणात घालायला तेल नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

"तेच म्हनते मी. तेल नाय आनि नाखवा गलबत रिकामा करून देतो. उगीच कोन देतो?"

आत्मारामशेटनी घास खाली ठेवला. साहेबांना वह्या दाखवायला निघाले होते, नाखव्यापुढे देवाची शपथ घेतली होती. बायकोला काय दाखवावे हे त्यांना सुचेना. ज्या बाईने वीस वर्षे याच घरातली भांडी रिकामी पाहिली होती तिला ती रिकामी असल्याचा पुरावा कसा द्यायचा?

"नाहीत गो," ते एवढेच म्हणाले.

यमुनाबाई माजघरात गेली आणि भाताच्या कणगीवरचे झाकण काढून म्हणाली, "ह्याला ऊन द्यायला हवा. पाखरू लागलंय." भाताला कसलीही कीड लागली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते. आत्मारामशेट उष्ट्या हाताने तसेच उठले, हात धुऊन आले आणि कणगीची एक बाजू त्यांनी धरली. दोघांनी मिळून ती कलती केली. भात टोपल्यांनी अंगणात नेऊन पसरला, तो अंदाजाहून थोडाच निघाला. यमुनाबाईने कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला.

मग ती उभी राहिली, पदराने तोंडावरचा कोंडा पुसला आणि वर माळ्याकडे पाहू लागली.

आत्मारामशेट परसात गेले आणि शिडी घेऊन आले.